लांग्गाम म्हणजे पक्षी

फिलिपिन्सच्या सेबू बेटावरचा एक ऑयलर, म्हणजे यंत्रांना तेल-वंगण घालणारा खलाशी, काही महिने माझ्याबरोबर जहाजाच्या इंजिनरूममध्ये होता. रात्रीचा वॉच उतरला की आम्ही मेसमध्ये चहा घेऊन बसायचो आणि तो मोबाइल काढून घरचे फोटो दाखवायचा. एका रात्री त्याने मुलीच्या वहीचं पान दाखवलं. मुलगी पहिलीत. पानावर ‘लांग्गाम’ असा शब्द आणि खाली चित्र काढायला चौकोन. पोरीने चोच, दोन पंख, काटकुळे पाय असा पक्षी काढला होता, पंख निळ्या खडूने रंगवले होते. त्यावर लाल शाईची फुली.

फुली चुकीची नव्हती. पान फिलिपिनो या राष्ट्रभाषेच्या विषयाचं होतं आणि फिलिपिनोत, म्हणजे मुळात मनिलाकडच्या टागालोग भाषेत, लांग्गाम म्हणजे मुंगी. सेबूच्या घराघरात मात्र लांग्गाम म्हणजे पक्षी. मुंगीला तिथे हुलमिगास म्हणतात. हा एक शब्द दोन भाषांत दोन अर्थांनी नांदतो, एवढं त्या पोरीला आधी कोणी सांगितलं नव्हतं. घरच्यांनी झाडाकडे बोट दाखवून शिकवलेला शब्द चूक असतो, हे मात्र तिला त्या दिवशी कळलं.

मी विचारलं, मग तू तिला काय सांगितलंस? तो म्हणाला, “सांगितलं, शाळेत मुंगी काढ. पक्षी आपल्या डायलेक्टमध्ये.”

डायलेक्ट. बोली. फिलिपिन्सच्या खलाशांबरोबर माझं अर्धं आयुष्य गेलं. इलोइलोचा, सेबूचा, लेयतेचा, कोणीही असो, स्वतःच्या भाषेला तो हाच शब्द वापरायचा. तिथल्या शाळेत, कचेरीत, टीव्हीवरही तोच चालतो. माझं म्हणणं असं की विसायसच्या भाषांची सगळी हानी या एका शब्दापासून सुरू होते आणि २०२४ साली फिलिपिन्सने पहिल्या इयत्तांतून मातृभाषा काढून टाकणारा जो कायदा केला, तो या शब्दाचाच पुढचा टप्पा आहे. तो कायदा चुकीचा आहे आणि विसायसमधल्या लोकांनी तो गुपचूप सोसू नये.

विसायस म्हणजे फिलिपिन्सच्या मधोमध विखुरलेली बेटं: पानाय, नेग्रोस, सेबू, बोहोल, लेयते, सामार आणि त्यांच्या आसपासची असंख्य लहान बेटं. सेबू, बोहोल आणि पूर्व नेग्रोसकडे सेबुआनो, इलोइलो आणि पश्चिम नेग्रोसकडे हिलिगायनॉन, सामार आणि लेयतेच्या पूर्वेला वाराय. पानायच्या डोंगराकडे किनाराय-आ, उत्तरेला आक्लानॉन. सकाळी भेटल्यावर सेबूचा माणूस ‘माआयोंग बुंताग’ म्हणतो, इलोइलोचा ‘माआयोंग आगा’, लेयतेतल्या टाक्लोबानचा ‘माउपाय न्गा आगा’. नात्यातल्या भाषा आहेत, पण एक नव्हेत. ‘कारोन’ या शब्दावरून जहाजावर मी स्वतः खोळंबा पाहिला आहे. सेबूच्या माणसाच्या तोंडी त्याचा अर्थ आत्ता, लगेच. इलोइलोचा माणूस ऐकतो ते थोड्या वेळाने, मग. व्हॉल्व्ह कारोन बंद करायचा होता, आणि एक जण पान्यासह उभा, दुसरा निवांत हात पुसतोय. डेव्हिड झॉर्क या भाषाशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये या कुळाची मांडणी केली, तेव्हा छत्तीस वेगवेगळी रूपं त्याच्या हिशेबात आली. टागालोग या कुळाच्या शेजारची. ती या भाषांची आई नाही आणि या तिच्या बोली नाहीत.

आपल्याला तर या शब्दांत आपलीच माणसं भेटतात. साक्षीदार तो साक्सी. देवता ती दिवाता. संपत्तीला बाहांदी म्हणतात. आपलं भांडं ज्या संस्कृत शब्दातून आलं तोच शब्द समुद्रावरून तिकडे पोचलेला. १५२१ साली मॅगेलानबरोबर आलेल्या आंतोनिओ पिगाफेत्ताने सेबूत कानावर पडलेल्या शब्दांची यादी लिहून ठेवली. म्हणजे ही भाषा युरोपियन कागदावर येऊनही पाच शतकं उलटली. १९०१ साली विसेन्ते सोतो यांनी सेबुआनोत ‘आंग सुगा’ हे वृत्तपत्र काढलं. सुगा म्हणजे उजेड. ‘बिसाया’ हे नियतकालिक १९३० साली सुरू झालं. इलोइलोच्या हारोमध्ये मागदालेना हालांदोनी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून हिलिगायनॉनमध्ये कादंबऱ्या लिहिल्या. छापखाना, वर्तमानपत्र, कादंबरी, वाचक, सगळं असलेल्या भाषेला ‘डायलेक्ट’ म्हणायचं, तर मग भाषा कशाला म्हणायचं?

उत्तर सगळ्यांना माहीत आहे. राजधानीत जी बोलली जाते तिला.

१९३५ च्या राज्यघटनेत फक्त एवढं होतं की देशातल्या एखाद्या भाषेवर आधारलेली राष्ट्रभाषा विकसित करावी. त्यासाठी १९३६ मध्ये राष्ट्रीय भाषा संस्था स्थापन झाली आणि तिचे अध्यक्ष होते हाइमे दे वेयरा, लेयतेचे, घरात वाराय बोलणारे. ३० डिसेंबर १९३७ ला देशाचे अध्यक्ष मान्युएल केसोन यांनी टागालोगवर आधारलेली राष्ट्रभाषा जाहीर केली. केसोन स्वतः टागालोग. तरी ही निवड निव्वळ दांडगाई होती असं मी म्हणणार नाही. टागालोगमध्ये साहित्य होतं, मनिला तिच्या मुलखात होतं आणि निवड करणाऱ्या संस्थेच्या शिरोभागी विसायसचाच माणूस होता. पण मातृभाषा म्हणून बोलणारे मोजले तर १९६० च्या जनगणनेतही सेबुआनो टागालोगच्या पुढे होती. पुढे त्या राष्ट्रभाषेला १९५९ मध्ये पिलिपिनो आणि १९७३ नंतर फिलिपिनो अशी नावं मिळाली. नाव देशाचं झालं, गाभा टागालोगच राहिला. १९९८ च्या कायद्याने तर राष्ट्रगीत राष्ट्रभाषेतच गायचं असं बंधन घातलं, मोडल्यास दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. सेबुआनोत देशाचं गाणं गाणारा सेबूचा माणूस कायद्याने दोषी ठरतो. हे मला कधीच पटलेलं नाही.

आणि जनगणना पाहा. २०२० च्या मोजणीत घरात बोलली जाणारी भाषा म्हणून टागालोग ३९.९ टक्के कुटुंबांत, ‘बिसाया’ १६ टक्के, हिलिगायनॉन ७.३ टक्के, ‘सेबुआनो’ ६.५ टक्के, वाराय २.६ टक्के. बिसाया आणि सेबुआनो वेगळे रकाने! ज्यांनी ‘बिसाया’ सांगितलं त्यांतले बहुतेक सेबुआनोच बोलतात. दक्षिणेकडच्या मिंदानाओ बेटावर स्थायिक झालेले सेबूवाले आपल्या भाषेला बिसायाच म्हणतात. सरकारने एका भाषेचे दोन तुकडे करून मोजले आणि कोणाला काही खटकलं नाही. बोलीच तर आहे.

आता ‘इंदाय’. विसायसमध्ये घरातल्या मुलीला, धाकट्या बहिणीला, ओळखीच्या तरुणीला मायेने मारायची हाक. २०२२ मध्ये निवडून आलेल्या उपाध्यक्ष सारा दुतेर्ते यांना त्यांचे लोक ‘इंदाय सारा’ म्हणतात. पण मनिलाच्या विनोदी कार्यक्रमांत इंदाय म्हणजे मोलकरीण. बेटांवरून धुण्याभांड्यांना आलेल्या पोरी एकमेकींना इंदाय म्हणायच्या, ते मालकांनी ऐकलं आणि त्या हाकेचं कामाचं नाव झालं. टीव्हीवरची ही इंदाय ‘ए’चा ‘इ’ आणि ‘ओ’चा ‘उ’ करते आणि लोक हसतात. सेबुआनोत मुळात स्वर तीनच, आ, इ, उ. तिची जीभ तिच्या भाषेच्या नियमाने चालते, यात हसण्यासारखं काय आहे?

मराठी वाचकाला हे मी समजावून सांगायची गरज नाही. आपली ‘बाई’ आठवा. अहिल्याबाई, जिजाबाई, शाळेतल्या बाई. मुंबईच्या उंच इमारतींत त्याच शब्दाचं काय झालं? ‘आज बाई आली नाही’ म्हणजे भांडी पडून आहेत. आदराचा शब्द कष्टकऱ्यांच्या तोंडून वर गेला आणि मालकांच्या घरात खाली आला. इंदायचं नेमकं हेच झालं.

विसायसच्या मुलांना शाळेत स्वतःची भाषा मिळाली ती फार उशिरा. २००९ मध्ये शिक्षणखात्याने मातृभाषेवर आधारित शिक्षणाचा आदेश काढला, २०१२ पासून बालवर्ग ते तिसरी हे वर्ग मातृभाषेतून सुरू झाले. आधी बारा भाषा, नंतर सात वाढवून एकोणीस. सेबुआनो, हिलिगायनॉन, वाराय, आक्लानॉन, किनाराय-आ सगळ्या त्यात होत्या. २०१३ च्या कायद्याने त्याला आधार दिला. आणि बारा वर्षांत गाशा गुंडाळला. १० ऑक्टोबर २०२४ रोजी अध्यक्षांच्या सहीविनाच अमलात आलेल्या १२०२७ क्रमांकाच्या कायद्याने शिक्षणाचं माध्यम पुन्हा फिलिपिनो आणि इंग्रजी झालं. प्रादेशिक भाषा फक्त मदतीला.

कायद्याची बाजू मांडणाऱ्यांचं म्हणणं मी समजून घेतलं आहे. पुस्तकं नव्हती. शिक्षकांना प्रशिक्षण नव्हतं. प्रत्येक भाषेसाठी शाळेच्या पातळीवर शब्दकोश, व्याकरण, लेखननियम आणि वाचनसाहित्य अशी चार कामं व्हायची होती, आणि सरकारच्याच अभ्याससंस्थेच्या पाहणीत शंभरातल्या दहा शाळांनीही ती चारही पूर्ण केलेली आढळली नाहीत. हे सगळं खरं आहे. पण यातून निघतं काय? सरकारने घर बांधायला घेतलं, विटा दिल्या नाहीत, गवंडी दिला नाही, आणि छप्पर गळतं म्हणून पाया वाईट ठरवला. शिवाय २०१८ च्या पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत वाचनात ७९ देशांत फिलिपिन्स तळाला गेला, तेव्हाही बोट मातृभाषेकडे दाखवलं गेलं. ती परीक्षा पंधरा वर्षांच्या मुलांची होती. ती मुलं २०१२ च्या आधी पहिलीत बसली, म्हणजे हे धोरण त्यांच्या वाट्याला आलंच नव्हतं. आणि प्रश्नपत्रिका इंग्रजीत होती.

विसायसला तर पुरावा बाहेरून आणायचीही गरज नाही. इलोइलोत १९४८ ते १९५४ अशी सहा वर्षं एक प्रयोग चालला. होसे व्ही. आगिलार हे तिथल्या शाळांचे अधिकारी. त्यांनी काही वर्गांना पहिली दोन वर्षं सगळे विषय हिलिगायनॉनमधून शिकवले, काहींना नेहमीसारखे इंग्रजीतून. वाचन, गणित, समाजशास्त्र यांत हिलिगायनॉनची मुलं पुढे राहिली. इंग्रजी त्यांना तिसरीत सुरू केलं, तर सुमारे सहा महिन्यांत त्यांनी इंग्रजीतही दुसऱ्या मुलांना गाठलं. या प्रयोगानंतर १९५७ पासून देशभर पहिली-दुसरीला स्थानिक भाषा आलीही होती. आगिलार यांना १९५९ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला, शासकीय सेवेसाठी. त्याच वर्षी, त्याच गटात दुसरे मानकरी होते रायगडचे चिंतामणराव देशमुख. आपल्याकडे चिंतामणराव माहीत आहेत. आगिलारांचं काम त्यांच्या स्वतःच्या संसदेला २०२४ मध्ये आठवायला हवं होतं.

सगळ्यात अवघड आक्षेप मात्र संसदेतला नाही, मेसमधला आहे. तो ऑयलर मला म्हणाला, “सर, बिसायात शिकून जहाजावर कोण घेईल?” त्याचा पगार इंग्रजीवर आहे. मॅन्युअल इंग्रजीत, अलार्म इंग्रजीत, करार इंग्रजीत. इलोइलो आणि सेबूतून बंदराबंदरांत पसरलेल्या हजारो खलाशांची घरं त्या इंग्रजीवर उभी आहेत. या माणसाला ‘मातृभाषेचा अभिमान बाळग’ असं सांगायला मी धजणार नाही. त्याला मी सांगितलं ते एवढंच, की इंग्रजी कोणी काढून घेत नाहीये. प्रश्न सहाव्या वर्षी पोरीला समजतं त्या भाषेत बेरीज शिकवायची की नाही, इतकाच आहे. आगिलारांची मुलं इंग्रजी शिकलीच, आणि आधी शिकायचं कसं तेही शिकली. तो गप्प बसला. पटलं की नाही, सांगता येत नाही.

समजणं आणि न समजणं यातला फरक टाक्लोबानने पाहिला आहे. ८ नोव्हेंबर २०१३, चक्रीवादळ योलांदा. सरकारी आकड्यानुसार ६,३०० माणसं गेली. इशारे आधीपासून दिले जात होते. त्यात शब्द होता ‘स्टॉर्म सर्ज’. वाराय बोलणाऱ्या कोळ्याला, बाजारातल्या बाईला त्यातून इतकंच कळलं की मोठं वादळ येतंय, आणि वादळं त्यांनी जन्मभर पाहिली होती. समुद्रच उठून घरात येणार, हे त्या दोन शब्दांनी सांगितलं नाही. वाचलेल्या कित्येकांनी नंतर सांगितलं, त्सुनामी म्हटलं असतं तर पळालो असतो. १८९७ च्या वादळात याच किनाऱ्यावर समुद्र असाच आत आला होता. आमच्या कोकणात ‘उधाण’ म्हटलं की म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून सगळे होड्या वर ओढतात, कोणाला अर्थ विचारावा लागत नाही. टाक्लोबानच्या मृत्यूंना एकटी भाषा जबाबदार नव्हती, निवाऱ्यांच्या जागाही चुकल्या होत्या. पण लोकांच्या भाषेत विचार करणारं, त्या भाषेत शिकलेलं कोणी त्या इशाऱ्याच्या टेबलाजवळ असतं, तर तो शब्द तसाच गेला नसता.

विसायसची संस्कृती जिवंत आहे, हे सांगायला लोक जानेवारीतले उत्सव दाखवतात. सेबूचा सिनुलोग, कालिबोचा आती-आतिहान, इलोइलोचा दिनाग्यांग. ढोल, पिसं, रंगवलेली अंगं, बाळयेशूची मूर्ती. ते उत्सव खरे आहेत, श्रद्धेचे आहेत. पण नाचायला भाषा लागत नाही, म्हणून पर्यटन खात्याला ते सोयीचे पडतात. भाषा लागते ती पानायच्या डोंगरातल्या सुगिदानोनला. ही तिथली महाकाव्यं. पूर्वी काही घरांत एखादी मुलगी ‘बिनुकोत’ म्हणून वाढवायचे. तिला उन्हात जाऊ द्यायचे नाहीत, परक्याच्या नजरेस पडू द्यायचे नाहीत, आणि ती आतल्या अंधारात आजी-आत्यांकडून हजारो ओळी पाठ करायची. तिचं ते कोंडलेपण परत यावं असं कोणीही म्हणणार नाही. पण तिने सांभाळलेल्या ओळींचं काय? एफ. लांदा होकानो यांनी १९५० च्या दशकात ‘हिनिलावोद’ ध्वनिमुद्रित केलं, तर अठ्ठावीस हजारांवर ओळी भरल्या. फेदेरिको काबायेरो या गायकाला २००० साली राष्ट्रीय सन्मान मिळाला. जुन्या किनाराय-आच्या अंगाने जाणारी ती भाषा ज्या पोराच्या कानावर शाळेत एकदाही पडत नाही, त्याच्यासाठी ते ध्वनिमुद्रण म्हणजे नुसता आवाज.

हे लिहिताना मी स्वतःकडेही पाहतो. मी वेंगुर्ल्याकडचा, घरी मालवणी. पहिलीत मी ‘माका व्हया’ म्हणालो, वर्ग हसला आणि बाई म्हणाल्या, “मला पाहिजे, असं नीट बोल.” तो ‘नीट’ मी आजतागायत विसरलेलो नाही. आणि मोठेपणी मीच गोव्यातल्या मित्रांशी हुज्जत घातली होती की कोकणी म्हणजे मराठीची बोली. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोकणीला स्वतंत्र भाषा मानलं, १९९२ मध्ये ती आठव्या अनुसूचीत आली, तरी आमच्याकडे ही हुज्जत कित्येक वर्षं चालूच होती. मी चुकलो होतो. मनिलाचा माणूस बिसायाला डायलेक्ट म्हणतो तेव्हा त्याच्या आवाजात मला माझाच तेव्हाचा आवाज ऐकू येतो. २०२५ मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी आणायचा निर्णय झाला, तेव्हा लहान मुलाच्या डोक्यात आधी त्याची भाषा पक्की होऊ द्या, असं आपण एका सुरात म्हणालो आणि सरकारला २९ जूनला तो मागे घ्यावा लागला. तोच न्याय सेबूच्या पोरीला लागू होतो. आपल्या घरातल्या मालवणी, अहिराणी, कोरकू बोलणाऱ्या पोरांनाही.

१२०२७ क्रमांकाच्या कायद्यात एक फट मात्र उरली आहे. ज्या वर्गातली सगळी मुलं एकच मातृभाषा बोलतात, तिथे अजूनही ती माध्यम म्हणून वापरता येते. अटी आहेत: मान्य लेखननियम हवेत, शब्दकोश हवा, व्याकरणाचं पुस्तक हवं, वाचायला साहित्य हवं, ती भाषा येणारे आणि तीत शिकवायला तयार झालेले शिक्षक हवेत. मनिलात किंवा सेबू शहराच्या मध्यभागी असा एकभाषी वर्ग मिळणं कठीण, हे मान्य. पण बोहोलच्या आतल्या गावांत, सामारच्या किनाऱ्यावर, पानायवरच्या आंतिकेच्या डोंगरात वर्गच्या वर्ग एकाच भाषेचे आहेत. सेबुआनो, हिलिगायनॉन आणि वाराय यांचे शब्दकोश आणि व्याकरणं आहेत. किनाराय-आ आणि आक्लानॉन यांचं जे कमी असेल ते करता येण्याजोगं आहे, इलोइलोत, सेबूत, टाक्लोबानमध्ये विद्यापीठं आहेत. म्हणून विसायसच्या राज्यपालांनी आणि नगराध्यक्षांनी मनिलाच्या दारात जाऊन बसण्याआधी ही फट रुंद करावी. त्यांना पैसाही मागावा लागणार नाही. तिथल्या स्थानिक स्वराज्य कायद्याने घरजमिनींवर एक टक्का जादा कर शिक्षणासाठी वेगळा काढलेला असतो आणि तो खर्च करायचा अधिकार स्थानिक शाळा मंडळाला आहे. आज त्यातून वर्गखोल्या दुरुस्त होतात, खेळांच्या स्पर्धा भरतात. त्यातलाच थोडा वाटा गोष्टींच्या पुस्तकांना द्यावा. सेबुआनोच्या पहिल्या वाचनमालेत लांग्गाम या शब्दाशेजारी निळ्या पंखांचा पक्षी छापायला तेवढा पुरे.